वस्ताद कॉलेजला का नाही?

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र या पदकापेक्षा त्यामागचा व्यवहार जास्त सांगितला जातो. खाशाबा राजाराम कॉलेजात शिकलेले. फिनलंडला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन गडी परत आला, त्यांच्या गावी, गोळेश्वरला, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.

कॉलेजात खेळलेला खेळाडू पुढं आपल्या कॉलेजला काय देतो, हा विषय निघाला की आपण या गोष्टीपाशी येऊन थांबतो. उपकार झाला, फेड झाली, ऐकणाऱ्याचा ऊर भरून आला. गोष्ट खरीच मोठी आहे. पण तिच्यातला एक भाग आपण पुरेसा बोलत नाही. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खाशाबा पहिल्यांदा मॅटवर उतरले. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला आंतरराष्ट्रीय नियमांची ओळख करून दिली ती रीस गार्डनर या अमेरिकेच्या जुन्या कुस्तीगिरानं. तेवढ्याशा शिकवणीवर खाशाबा सहावे आले. हेलसिंकीत याच्या उलट झालं. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. तो पंचांपुढं ठणकावून मांडायला आपल्या पथकातलं कुणी त्या वेळी तिथं नव्हतं. थकल्या अंगानं ते लढले आणि हरले. लंडनला बाजूला एक खेळलेला माणूस होता, हेलसिंकीत नव्हता. पदकाचा रंग कदाचित तिथंच ठरला.

आणि पुढं? १९५५ ला खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. दोन ऑलिंपिक अंगावर घेतलेल्या या माणसानं दरवर्षी कॉलेजच्या पोरांपुढं उभं राहून मॅट म्हणजे काय ते शिकवावं, अशी जागाच कॉलेजच्या रचनेत नव्हती. पैशाची फेड करायला त्यांना वाट सापडली, विद्येची फेड करायला वाट कुणी केलीच नव्हती. आजही ती नाही. माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणाहून सुरू होतं.

कोल्हापूरला हे जमत नाही असं नाही. याच शहरातल्या तालमींनी हे शंभर वर्षांवर चालवून दाखवलंय. तालमीत पैलवान म्हातारा होत नाही, तो वस्ताद होतो. गणपतराव आंदळकर १९६० ला हिंदकेसरी झाले, १९६४ ला टोकियो ऑलिंपिकला जाऊन आले, आणि त्यानंतरचं आयुष्य त्यांनी मोतीबाग तालमीत पोरं घडवण्यात घातलं. २०१८ ला ते गेले तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेले पैलवान महाराष्ट्रभर होते. दादू चौगुले त्याच मोतीबागेत वाढले आणि त्याच आखाड्याच्या काठावर वस्ताद म्हणून बसले. यात कुणाच्या त्यागाचं कौतुक करण्याआधी तालमीची रचना बघावी. नवं पोरगं आलं की ते आधी थोरल्यांसाठी माती उकरतं. वर्षभरानं त्याला जोडीला थोरला पैलवान मिळतो, तो त्याला अंगावर घेऊन शिकवतो. तोच थोरला पुढं मैदान कमी करतो आणि जोर काढून घेऊ लागतो. खेळणारा आणि शिकवणारा यांच्यात तालमीत भिंत नाही, उतार आहे. माणूस त्या उतारावरून वयाप्रमाणं सरकत जातो आणि शेवटी काठावर पोचतो. काठावरच्या माणसाला मान आहे, मैदानात फेटा-नारळ आहे, पोरानं नाव काढलं तर वस्तादाचं नाव आधी घेतलं जातं.

दुसरं उदाहरण आमच्या कबनूर गावापासून आणखी जवळचं आहे. कुरुंदवाड. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं लहानसं गाव. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी ब्राँझ मिळवलं, आणि तिघंही कुरुंदवाडचे. प्रदीप पाटलांच्या हर्क्युलस जिममध्ये घडलेले. एका गावातल्या एका व्यायामशाळेतून एकाच स्पर्धेत तीन पदकं! तिथं काही फार मोठं बजेट होतं म्हणून हे झालं नाही. लोखंड उचलणाऱ्या पोरासमोर रोज, वर्षानुवर्षं, तेच शिकवणारे हात राहिले.

आता कॉलेजचा जिमखाना बघा. शिवाजी विद्यापीठ १९६२ ला सुरू झालं, आणि तेव्हापासून या भागातल्या खेळाडूची वाट ठरलेली आहे. कॉलेजच्या संघात निवड, विभागीय स्पर्धा, आंतरविभागीय स्पर्धा, तिथं चमकला तर विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ. ब्लेझर मिळतो, प्रमाणपत्रं मिळतात. नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी ती फाईल जपून ठेवली जाते. तिसऱ्या वर्षाचं गुणपत्रक हातात पडलं की त्याचा आणि जिमखान्याचा संबंध तुटतो. त्याचा फोटो कॉरिडॉरमध्ये लागतो. त्याला स्वतःला मात्र आत यायचं असेल तर गेटवर नाव-गाव लिहून यावं लागतं. ज्याच्या चढाईवर कॉलेजनं करंडक आणला, त्याला पाच वर्षांनी त्याच मैदानावर काय काम आहे असं विचारलं जातं. शारीरिक शिक्षण संचालक बहुतेक ठिकाणी एकटा असतो. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ त्याच्याच गळ्यात. शिवाय परीक्षेची कामं, नॅकची कागदपत्रं. प्रत्येक खेळाचं बारीक तंत्र त्यानं एकट्यानं शिकवावं ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही.

कबनूर या प्रश्नाच्या अगदी मध्यावर आहे. इचलकरंजीला १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्यानंतर माग पसरत पसरत आमच्या गावाच्या घराघरांत शिरले. कबनूर कुठं संपलं आणि इचलकरंजी कुठं सुरू झाली हे आता परक्याला सांगता येणार नाही. इथली पोरं शिकायला इचलकरंजीच्या कॉलेजांत जातात. तिथलं नाईट कॉलेज तर दिवसा कामावर असणाऱ्यांसाठीच आहे. खेळ इथं भरपूर. कबड्डी, खो-खो, उरुसातलं कुस्तीचं मैदान. कॉलेजात चमकलेल्या पोरांपैकी कुणी सैन्यात जातो, कुणी पोलिसात, एखादा रेल्वेत. उरलेले सगळे गावात राहतात. कुणी मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला होतो, कुणी माग दुरुस्त करणारा जॉबर, कुणी कापडाच्या गाडीवर. गावाजवळ राहिलेला हा खेळाडूच कॉलेजला परत मिळू शकतो, आणि त्याच्याकडंच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. निघून गेलेल्यांचे सत्कार करण्यात आमची वर्षं जातात.

अशा एकाला मी सकाळी मैदानावर बघत आलोय. विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेला, आता मागाच्या कारखान्यात जॉबर. रात्रपाळी सुटली की घरी जायच्या आधी मैदानाच्या कडेला गाडी लावतो. अंगावर अजून सुताची पुंजकी चिकटलेली असतात. मुलींचा सराव चाललेला असतो आणि कोपऱ्यावरची मुलगी पुनःपुन्हा घाईनं झेपावून गडी सोडते. तो तिला थांबवतो. स्वतः चढाई करणारा होतो, बोनस रेषेकडं पाय टाकतो आणि तसाच थांबून राहतो. "बघ, आत्ता माझं वजन कुठल्या पायावर हाय?" मुलगी म्हणते, "मागच्या." "मग पुढचा घोटा आत्ता तुझा हाय. हात घाल. डोकं बाहेर ठेव, न्हाईतर गुडघा तोंडावर बसंल." दहा वेळा तेच. अकराव्या वेळी तो जरा जोरात येतो आणि मुलगी त्याला खाली घेते. मग तो उठतो, पँट झटकतो आणि दुसऱ्या मुलीकडं वळतो. ही गोष्ट पुस्तकात वाचून येत नाही, आणि लांबून शिट्टी मारूनही शिकवता येत नाही. ज्यानं शंभर वेळा घोटा सोडलाय त्यालाच तो नेमका कधी धरायचा ते ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक असते, ती मला तंत्राहून मोठी वाटते. यातल्या कुठल्या मुलीनं पहाटे उठून कांड्या भरल्यात, कुणाच्या घरी आठवडाभर माग बंद आहेत, कोण चहावर आलीय, हे त्याला न विचारता कळतं. तिला तो मैदानाला फेऱ्या मारायला लावत नाही, आधी दोन केळी खायला लावतो. बाहेरून आलेल्या पगारी कोचला हे शिकायला वर्ष लागेल, तोवर ती मुलगी खेळ सोडून गेलेली असेल. खेळाडू मध्येच का गळतात याची आपण फार मोठी कारणं शोधतो. पुष्कळदा कारण एवढंच असतं की घरची परिस्थिती ओळखणारं कुणी मैदानावर नव्हतं.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. आमच्याकडं पोरगी बाहेरगावच्या स्पर्धेला पाठवायची की नाही हे आई ठरवते, आणि आई पहिला प्रश्न विचारते, "संगं कोण बाई हाय?" कॉलेजात खेळलेली, लग्न होऊन याच पंचक्रोशीत राहिलेली ताई जर बरोबर असेल तर तो प्रश्न तिथंच मिटतो. अशा ताया आहेत. त्यांचे ब्लेझर कपाटात आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही, आणि त्या आपणहून येत नाहीत, कारण घरात त्या एका तासाचं काय नाव सांगायचं हे त्यांना कळत नाही. खेळायला जाते असं म्हणायची सोय नसते. कॉलेजात शिकवायला जाते आणि त्याचे पैसे मिळतात, असं सांगता आलं तर सासूसुद्धा तास मोकळा करून देईल. मानधनाचा मुद्दा बायकांच्या बाबतीत खर्चापुरता नाही, त्यांच्या घराबाहेर पडण्याचा आहे.

इथं हमखास एक आक्षेप येतो. पैसे दिले की सेवाभाव जातो, खेळाडूनं कॉलेजचं ऋण मानून यावं. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. कॉलेजनं त्याला शिकवलं खरं, पण त्यानंही गुडघे फोडून घेऊन कॉलेजला करंडक दिला. देणं-घेणं तेव्हाच बरोबरीत सुटलं. आमच्या गावात मागावरची मजुरी पिकाच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या, हिशोबानं ठरते, आणि त्या दरासाठी संपही होतात. विणकराला कुणी सांगत नाही की कापडावरच्या प्रेमापोटी माग चालव. मग त्याच माणसानं मैदानावर आपली विद्या फुकट का द्यावी? रात्रभर उभा राहिलेला माणूस झोपेचा तास मोडून शिकवतो, त्या तासाला किंमत आहे हे कॉलेजनं मान्य करावं. प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना फी घेतली जाते. तिच्यातून हंगामापुरतं मानधन निघणार नाही हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो मी गांभीर्यानं घेतो. चांगला खेळाडू चांगला शिक्षक असेलच असं नाही. मातीत खेळलेल्या माणसाची कबड्डी वेगळी होती. मॅटवर बूट आले, पायाची पकड बदलली, तीस सेकंदांची चढाई आली, तिसरी चढाई करो या मरो झाली, सुपर टॅकलनं तीन गड्यांच्या संघाला जीव दिला. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यावर पोरं रोज टीव्हीवर जे बघतात ते जुन्या खेळाडूला नव्यानं शिकावं लागतं. खो-खोचंही तेच. वजन उतरवायला पाणी तोडायचं, दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून खेळायचं, अशा जुन्या सवयी जर तो बरोबर घेऊन आला तर नुकसान करील. म्हणून त्याला शिकायला पाठवलं पाहिजे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून कोच घडवते. तिथं वर्षभराचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. वर्षभर माग सोडून कुणी जाणार नाही. सहा आठवडे जाईल, जर त्या दिवसांची बुडालेली मजुरी कुणी भरून दिली तर.

तिसरी भीती आपण मोठ्यानं बोलत नाही. जुना खेळाडू कधी कधी फक्त विद्या घेऊन येत नाही, आपल्याला पडलेला मारही घेऊन येतो. 'आमच्या वेळी असंच होतं' हे वाक्य मैदानावर फार घातक आहे. जपानमध्ये शाळा-कॉलेजांच्या क्लबांत जुन्या खेळाडूंनी येऊन शिकवायची मोठी परंपरा आहे. थोरल्या-धाकट्यांची शिस्तही तितकीच कडक. २०१२ च्या डिसेंबरात ओसाकाच्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल कर्णधारानं कोचच्या मारहाणीनंतर जीव दिला, आणि सगळ्या देशाला आपल्या क्रीडाशिस्तीकडं नव्यानं बघावं लागलं. त्यानंतरच्या वर्षांत शिक्षकांवरचा क्लबांचा भारही तिथं प्रश्न झाला, आणि २०२३ पासून शाळांचे क्लब हळूहळू स्थानिक संस्थांकडं आणि बाहेरच्या प्रशिक्षकांकडं सोपवायचं काम सुरू झालं. आपल्याकडं २०२३ ला दिल्लीत जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन बसल्या होत्या, ते विसरायला फार दिवस झालेले नाहीत. आपुलकीनं येणारा प्रत्येक माणूस सुरक्षितच असतो असं धरून चालता येत नाही. नेमणूक लेखी असावी, पोलीस पडताळणी व्हावी, मुलींच्या सरावाला आणि प्रवासाला बाई असलीच पाहिजे, तक्रार कुणाकडं करायची ते फलकावर लिहिलेलं असावं. मानानं बोलावणं आणि नियमानं बांधणं या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात असू शकतात. उलट बिनपत्राचा, बिननावाचा, येतो-जातो असा शिकवणारा हाच जास्त धोक्याचा.

सरकारला ही कल्पना अगदीच नवी आहे असंही नाही. २०२० मध्ये खेलो इंडियानं जिल्ह्याजिल्ह्यात छोटी केंद्रं काढायचं ठरवलं तेव्हा ती माजी खेळाडूंच्या हाती द्यायची असं धोरण होतं, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदक मिळवलेल्यांनाही त्यात जागा ठेवली होती. कॉलेजात खेळलेल्या माणसाची विद्या पैसे देऊन घेण्याजोगी आहे हे दिल्लीनं मान्य केलं, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते. पण ती केंद्रं कॉलेजच्या बाहेरची. खेळाडू जिथं वाढला त्या जिमखान्याशी त्यांचा धागा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ ला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणला. पंधरा वर्षं एखाद्या क्षेत्रात मुरलेल्या माणसाला पदव्यांची अट न घालता शिकवायला बोलवायचं, एकूण मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत. उद्योगातला, कलेतला जाणता माणूस या दारानं वर्गात येऊ शकतो. मग तेवढीच वर्षं मैदानावर काढलेला माणूस जिमखान्यात याच विचारानं का येऊ नये? त्याच्याकडं एमपीएड नसेल, नेट-सेट नसेल. संचालकाची जागा त्याला द्या असं मी म्हणत नाही. संचालकाच्या हाताखाली, एका खेळापुरता, एका हंगामापुरता तो हवा आहे.

शैलजा जैन यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. नाशिकला वर्षानुवर्षं कबड्डी शिकवलेल्या या बाईंनी निवृत्तीनंतर इराणच्या मुलींना हाताशी धरलं, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. महाराष्ट्राच्या मातीत साठलेली विद्या तेहरानला कामी आली, याचं मला दुःख नाही. विद्या जिथं मागणी असेल तिथं जाणारच. आपल्याकडं मागणी कोण करतंय, एवढंच मला विचारायचं आहे.

कबनूर-इचलकरंजीपुरतं बोलायचं तर मागणी फार अवघड नाही. प्रत्येक कॉलेजनं दोन खेळ निवडावेत, ज्यांत आपली परंपरा आहे असे. प्रत्येक खेळाला एक जुना खेळाडू आणि एक जुनी खेळाडू नेमावी. मानधन, विमा, ओळखपत्र. आणि सगळ्यांत आधी वेळ. कॉलेजचा सराव बहुतेक ठिकाणी दुपारी चारनंतर असतो. दिवसपाळीवरचा माणूस तेव्हा मागापुढं असतो, रात्रपाळीवाला उठून आवरत असतो, आणि बाईच्या घरी तेव्हा शाळेतून पोरं यायची वेळ. शिकवणाऱ्याच्या पाळीप्रमाणं सराव एक आठवडा सकाळी आणि एक आठवडा संध्याकाळी ठेवता आला, तर निम्मी अडचण पैशाशिवाय सुटते. कारखान्यात पाळी बदलते तशी मैदानाची पाळी बदलायला कुठल्या विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. प्राचार्य आणि जिमखाना समितीनं एका बैठकीत ठरवायचं.

ही बैठक जूनमध्ये व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी स्पर्धेच्या तारखा आल्यावर धावपळ होते, आठ दिवसांत संघ निवडला जातो आणि जुन्या एखाद्या खेळाडूला फोन जातो, "जरा येऊन बघून जा की रे." आठ दिवसांत तो काय बघणार? पावसाळाभर मैदान चिखलात असतं तेव्हाच वर्गाच्या व्हरांड्यात पायांची चाल, कंबरेची ताकद आणि नियम शिकवून होतात. जूनमध्ये त्याच्या हातात पत्र पडलं तर विभागीय स्पर्धेपर्यंत त्याला तीन महिने मिळतील.